सतराव्या प्रश्नाचं उत्तर

नानांनी आयुष्यात जवळजवळ सगळ्या पत्रांना उत्तरं दिली होती. एकदा तर विमा विकणाऱ्या एका कंपनीच्या छापील पत्रालाही त्यांनी दोन पानी उत्तर पाठवलं, आपल्याला विमा का नको ते नीट समजावून. एकच पत्र तेवढं राहून गेलं. ते बावीस वर्षं त्यांच्या जाड शब्दकोशात पडून होतं. पाकिटावर नाव नव्हतं. 'भाषेच्या पेपरातला सतरावा प्रश्न ज्यांनी काढला त्यांना' एवढंच लिहिलं होतं आणि खाली परीक्षा मंडळाचा पत्ता. कोपऱ्यात मंडळातल्या कुणा कारकुनाने पेन्सिलीने खरडलं होतं, 'प्रश्न आपला दिसतो.'

आत वहीचा एकच कागद होता.

'महोदय, शाळा सोडण्याच्या परीक्षेत मी भाषेत एका गुणाने नापास झाले आहे. त्यामुळे मला दाखला मिळणार नाही. बाकी सगळ्या विषयांत मी पास आहे. सतराव्या प्रश्नाला मी ग लिहिलं. तुमच्या उत्तरसूचीत ख आहे. उताऱ्यातल्या घड्याळजीने चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता, म्हणून मी ग लिहिलं. गुण वाढवून मागत नाही, त्याची मुदत संपली आहे. फक्त मी चुकले का, एवढं कळवा. चुकले असेन तर का, तेही कळवा. मला खरंच कळत नाही.'

खाली नाव आणि पत्ता. अक्षर टपोरं, खाडाखोड एकही नाही.

तेव्हा नानांनाही कळलं नव्हतं. आणि आपल्याला जे कळत नाही ते दुसऱ्याला कळवायचं कसं, हेही नाही.

नाना एका शाळेत ग्रंथपाल होते. माणसांत बसायची वेळ आली की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. कपाटांमध्ये मात्र ते घरच्यासारखे वावरत. अशा माणसाला मंडळाने पेपर काढायला का बोलावलं हे त्यांना स्वतःला कधी उमगलं नाही. आपल्याच आडनावाचा दुसरा कुणी हवा असेल आणि चुकून बोलावणं आपल्याकडे आलं असेल, असं त्यांना पहिली तीन वर्षं वाटत राहिलं. पण अकरा वर्षं ते दर सुट्टीत गेले. कुणाला सांगणार नाही असं लिहून दिलेलं, त्यामुळे घरी 'ग्रंथालयाचं काम आहे' एवढंच सांगून निघायचे. तिथे उतारा छापील पुस्तकातून घ्यायचा नाही असा दंडक होता, कारण ज्याने ते पुस्तक वाचलंय त्याला आयतं सापडतं. म्हणून उताराही प्रश्न काढणाऱ्यानेच लिहायचा, खाली नाव न घालता.

नानांनी एकदा आपल्या वडिलांवर लिहिलं. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. उताऱ्यात एवढंच होतं, की एक गिऱ्हाईक भिंतीवरचं जुनं घड्याळ घेऊन येतं. घड्याळजी ते तीन दिवस ठेवून घेतो आणि चौथ्या दिवशी न उघडताच परत करतो. 'हे होणार नाही,' म्हणतो आणि लवकर दुकान बंद करतो. मध्ये एक वाक्य होतं: 'त्या दिवशी त्याने चहाचा कप दोन्ही हातांनी धरला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.'

प्रश्न असा: घड्याळजीने घड्याळ न उघडता परत का केलं? क, त्याला वेळ नव्हता. ख, घड्याळ दुरुस्तीपलीकडे गेलं आहे हे त्याने अनुभवाने ओळखलं. ग, आता आपल्या हातून हे काम होणार नाही हे त्याला कळलं होतं, पण ते सांगायचं नव्हतं. घ, गिऱ्हाईक त्याला आवडलं नव्हतं.

चुकीच्या पर्यायांना तिथे चकवे म्हणत. चकवा असा हवा की अर्धवट वाचणारा त्यात फसला पाहिजे. ख हे उत्तर नानांनी मनापासून लिहिलं होतं. वडील हुशार कारागीर, न उघडता ओळखायचे, असंच ते लहानपणापासून मानत आले होते. ग हा चकवा त्यांनी समितीची बैठक सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटांत, घाईघाईने भरला. पाच जणांच्या समितीत कुणी हरकत घेतली नाही. पेपर छापून गेला.

मग ते पत्र आलं. नानांनी ते वाचलं आणि कप आठवू लागले. तो कप त्यांनी रचलेला नव्हता. खराच होता. ते तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे, दुकानाच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसलेले. वडिलांनी कप दोन्ही हातांत धरला होता. थंडी असेल, असं ते धरून चालले होते. पण थंडीचे दिवस होते का? त्यानंतर वर्षभरात वडिलांनी दुकान काढून टाकलं. 'कंटाळा आला,' म्हणाले. सगळ्यांनी मानलं. आणि ज्या मुलीने त्या माणसाला कधी पाहिलं नाही, तिने एका ओळीवरून ओळखलं की त्याचे हात थरथरत होते. की तसं काही नव्हतंच, आणि एक हुशार मुलगी आपल्याला उगाच घोळात घेत होती? विचारायला वडील राहिले नव्हते. नानांनी पत्राची घडी घातली आणि शब्दकोशात ठेवली. नंतर बघू म्हणाले. बघू बघू करता बावीस वर्षं गेली.

यंदा मंगळवारी दुपारी चिंगीचा निकाल लागला.

चिंगी म्हणजे नानांची नात. सतरा वर्षांची, आजोबांसारखीच पुस्तकात नाक खुपसून बसणारी, पण तोंडाने आजोबांच्या दहापट. तिचे वडील बोटीवर नोकरीला, वर्षातून दोनदा घरी येणार. घरात नाना, चिंगी आणि तिची आई, ही तिघंच. चिंगीने निकालाचा कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि त्यावर मीठदाणी ठेवली.

"उडून जाणार आहे का तो?" तिच्या आईने विचारलं. ती औषधांच्या दुकानात काम करायची, नुकतीच घरी आली होती, पायात अजून चपला होत्या.

"उडाला तर बरंच आहे."

आईने मीठदाणी बाजूला करून कागद वाचला. मग पुन्हा वाचला. "गणित अठ्ठ्याऐंशी. विज्ञान ब्याण्णव. भाषा एकोणचाळीस?"

"पास व्हायला चाळीस लागतात," चिंगी म्हणाली. "म्हणजे मी शाळा पूर्ण केलेली नाही. बारा वर्षं मी कुठे जात होते कोण जाणे."

"अगं पण एका गुणासाठी?"

"एका गुणाने नापास झालं काय आणि वीस गुणांनी झालं काय, दाखला नाहीच. दाखला नाही म्हणजे रक्त तपासणीच्या अभ्यासक्रमातली माझी जागा पुढच्या मुलीला. पुन्हा परीक्षा दहा महिन्यांनी."

नाना खिडकीपाशी बसले होते. शेवटी ते म्हणाले, "भाषेत कसं काय गं? तू तर वाचतेस."

"वाचते म्हणूनच, आजोबा." तिने कागद उलटा केला. मागे प्रश्नवार बरोबर-चूक छापलं होतं. "हे बघा, व्याकरणात मी माती खाल्ली, ती माझी चूक. पण हा सतरावा. हा मला शंभर टक्के येत होता. एक घड्याळवाला असतो..."

नानांच्या हातातलं पुस्तक मांडीवर पालथं झालं.

ती सांगत गेली. भिंतीवरचं घड्याळ, तीन दिवस, न उघडता परत. नाना ऐकत होते आणि त्यांना वाटत होतं की आपण बहुतेक आजारी पडलो आहोत. हा उतारा हिच्या तोंडी कसा? मग हळूहळू लख्ख झालं. दर वर्षीचा पेपर वेगळा; यंदाचा सोपा की गेल्या वर्षीचा, हे ताडून बघता यावं म्हणून दोन-तीन प्रश्न वर्षानुवर्षं जसेच्या तसे ठेवत. क्रमांकही बदलायचा नाही. मंडळात त्यांना खुंटे म्हणत. सगळी वर्षं त्या खुंट्यांना बांधलेली. प्रश्नपत्रिका परत घेतात, त्यामुळे बाहेर कुणाला पत्ता लागत नाही. नानांचा घड्याळजी बावीस वर्षं त्या जागेवर खुंट्यासारखा उभा होता, आणि ते इकडे घरात बसून त्याला विसरायचा प्रयत्न करत होते.

"तू काय लिहिलंस?" त्यांनी विचारलं.

"ग. त्याचे हात कापायला लागले होते ना."

"असं उताऱ्यात आहे?"

"कप दोन्ही हातांनी धरतो, असं आहे. तुम्ही धरता तसा."

नानांनी आपल्या हातांकडे पाहिलं. ते गुडघ्यांवर होते आणि नेहमीसारखे बारीक हलत होते. गेली दोन वर्षं ते कप दोन्ही हातांनी धरत होते. हे कुणाच्या लक्षात आलं नसेल, असा त्यांचा समज होता.

"मुदत किती आहे?" आई विचारत होती. "हरकत घेता येते ना?"

"सोमवारपर्यंत. पण उत्तरसूचीत ख आहे. सूचीवर हरकत घेऊन काय उपयोग? सूची म्हणजे सूची."

"नाना, तुम्ही सांगा. तुम्ही एवढी पुस्तकं वाचली आहेत. बरोबर काय, ख की ग?"

"दोन्ही," नाना म्हणाले. मग, "म्हणजे ग असावं. पण ही आपली म्हणून मला तसं वाटत असेल. मला नक्की सांगता येत नाही."

"दोन्ही कसं चालेल? आमच्या दुकानात दोन्ही म्हणून चालत नाही. पेशंट मरतो."

नाना उठून आपल्या खोलीत गेले. शब्दकोश काढला, पत्र काढलं, तारीख पाहिली. चिंगी जन्मायच्या पाच वर्षं आधीची. म्हणजे निदान हे खरं, की ग पटण्यामागे केवळ नात नव्हती. पण मग आधी पटलं होतं तर गप्प का बसले? आणि पटलं नव्हतं तर पत्र जपून का ठेवलं? त्यांनी पत्र घेतलं, बाहेर आले आणि ते सुनेच्या हातात दिलं. लिहून दिलेला शब्द मोडतोय हे त्यांना माहीत होतं. आवाज इतका बारीक निघाला की तिला पुढे वाकावं लागलं.

"तो प्रश्न मी काढलाय."

तिने पत्र वाचलं. चिंगीने तिच्या खांद्यावरून वाचलं. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टींटीं आवाज येत राहिला.

"म्हणजे माझ्या मुलीला तुम्ही नापास केलंत," सून म्हणाली. आवाज चढवला नाही, त्यामुळे नानांना जास्त लागलं.

"आई, व्याकरणात मी माती खाल्ली," चिंगी म्हणाली. मग आजोबांकडे वळून, "पण आजोबा, घड्याळवाला कोण होता?"

"तुझे पणजोबा."

"आणि त्यांनी घड्याळ का परत केलं, हे तुम्हाला माहीत नाही?"

"त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही."

"आणि चार पर्याय काढलेत," चिंगी म्हणाली. तिला हसू येत होतं की रडू, ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना. तिला स्वतःलाही कळत नसावं.

सून तेवढ्यात सावरली होती. दुकानात रोज शंभर माणसांच्या तक्रारी ऐकणारी बाई ती. "आता कुणाला फोन करायचा ते सांगा," म्हणाली. "अजून कोण कोण होतं त्या समितीत?"

समितीतले तिघे वारले होते. अध्यक्षबाई तेवढ्या होत्या. नानांनी अकरा वर्षांत त्यांच्याशी मिळून वीस वाक्यं बोलली असतील. फोन लावायला त्यांना बुधवारची संध्याकाळ उजाडली, कारण बुधवारी दिवसभर ते काय बोलायचं ते कागदावर लिहीत होते. फोन उचलला गेल्यावर कागद सापडेना.

"कोण? ग्रंथपाल?" बाईंचा आवाज नव्वदीतही खणखणीत होता. "अजून आहात का तुम्ही?"

"आहे, बाई."

"मग बोला. तुमचं ते घशात बोलणं मला ऐकू येत नाही, आधीच सांगते."

नानांनी कसंबसं सांगितलं. बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. नानांना वाटलं, झोपल्या.

"हे बघा," शेवटी त्या म्हणाल्या. "नियम असा आहे, की समितीतल्या दोघांनी लेखी दिलं तर प्रश्न पुन्हा तपासायला घ्यावाच लागतो. पण तो खुंटा आहे. तो उपटला की बावीस वर्षांची दावण सुटली. कोण पास, कोण नापास, सगळं पुन्हा. तुमच्या नातीसाठी ते एवढं उकरतील असं मला वाटत नाही."

"नाही करायचे कदाचित."

"आणि लोक म्हणतील, आजोबांना बावीस वर्षांनी बरा साक्षात्कार झाला, नातीचा निकाल लागला त्याच आठवड्यात."

"म्हणतील. मलाही तसंच वाटतंय थोडं." नानांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "पण बाई, हे आधी एकीने विचारलं होतं. त्याच वर्षी. कप दोन्ही हातांनी धरला म्हणून ग, असं तिने लिहिलं होतं."

"मग तुम्ही काय कळवलंत तिला?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"मला कळेना काय कळवावं."

"ती एका गुणाने राहिली होती का हो?"

"हो."

बाईंनी श्वास सोडला तो फोनमधून ऐकू आला. "मग ग्रंथपाल, माझं ऐका. मी सही करते. मला स्वतःला तो उतारा आता आठवतही नाही, पण कप तुमचा, तुम्ही म्हणता तर करते. मात्र आधी तिला उत्तर टाका. पोचेल न पोचेल ते टपालवाल्यांवर सोडा. तिला सोडून नातीचं तेवढं पाहिलंत तर माझी सही मिळणार नाही. टाकलंत की कागद घेऊन या. शुक्रवारपर्यंत या, शनिवारी माझ्या डोळ्याचं काहीतरी आहे."

गुरुवारी सकाळी नाना टेबलाशी बसले. मायन्यापाशीच अडकले. पत्र लिहिणारी सतरा वर्षांची होती, तिला तू म्हणायला हवं. पण ते वाचणारी चाळिशीला आलेली बाई असणार, तिला तू कसं म्हणायचं? कुठल्या मुलीला आपण लिहितो आहोत? तिने पुन्हा परीक्षा दिली असेल का? की शाळा तिथेच सुटली? 'तुम्ही चुकला नव्हता' हे वाचून तिला बरं वाटेल, की बावीस वर्षं आपण चुकलो म्हणून समजूत घातलेली, ती मोडून वाईट वाटेल? एकदा वाटलं, लिहूच नये. मग वाटलं, हेच तर आपण बावीस वर्षं केलं.

उत्तर का दिलं नाही, हे तरी सांगावं म्हणून त्यांनी एका कोऱ्या कागदावर कारणं मांडली. लिहून दिलं होतं म्हणून. लाज वाटली म्हणून. आपण बरोबर असू असं वाटलं म्हणून. वडिलांचं ते गुपित असेल तर ते आपण फोडू नये म्हणून. चार झाली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण त्यांना क, ख, ग, घ अशी अक्षरं घातली आहेत. त्यांनी कागद फाडला.

चिंगीने दारातून डोकावून पाहिलं. "चहा आणू?"

"आण."

ती कप ठेवून गेली नाही, उभी राहिली. नानांनी कप दोन्ही हातांनी उचलला. ती बघते आहे हे त्यांना माहीत होतं. त्यांनी कप खाली ठेवला नाही.

"आजोबा, तिला नक्की काय हवं होतं?"

"ती चुकली का, एवढंच."

"मग एवढंच लिहा ना."

दुपारपर्यंत पत्र झालं. अक्षर वेडंवाकडं आलं होतं. चिंगी म्हणाली लिहून देऊ का, तर ते नको म्हणाले.

'आपणास, आपलं बावीस वर्षांपूर्वीचं पत्र मला तेव्हाच मिळालं होतं. आपण चुकला नव्हता. ग बरोबर आहे. प्रश्न मी काढला होता आणि उताराही माझाच होता. तो घड्याळजी म्हणजे माझे वडील. त्यांचे हात थरथरत असत हे मला आपल्या पत्रावरून कळलं, त्याआधी माहीत नव्हतं. माझी सूची चूक होती. हे तेव्हा लिहायला हवं होतं. का लिहिलं नाही ते मला आजही नीट सांगता येत नाही, म्हणून कारण लिहीत नाही. यंदा माझ्या नातीनेही ग लिहिलं आणि तीही एका गुणाने राहिली. आता मी मंडळाकडे हरकत घेणार आहे. आपलं नाव न घेता, त्या वर्षी एका मुलीने हे विचारलं होतं, एवढं मी त्यात लिहीन. ते काय करतील मला माहीत नाही. आपल्याला यातून काही परत मिळेल असंही मला म्हणता येत नाही. आपण नीट वाचलं होतं.'

त्यांनी पाकीट बंद केलं. पत्ता पत्रातला जसाच्या तसा उतरवला, त्या गल्लीला आता तेच नाव आहे की नाही हे न बघता. मागे आपलं पूर्ण नाव आणि घराचा पत्ता घातला.

टपालपेटी कोपऱ्यावर होती, सायकलवाल्याच्या दुकानाशेजारी. चिंगी बरोबर आली. मंडळाच्या हरकतीचा अर्ज तिच्या पिशवीत होता, बाईंच्या सहीसाठी जागा सोडलेला. तिथून पुढे बाईंकडे जायचं होतं.

"आणि त्यांनी नाही म्हटलं तर?" चिंगीने चालता चालता विचारलं.

"मग दहा महिने," नाना म्हणाले. "मी व्याकरण घेईन तुझं."

"तुम्ही? तुम्ही प्रत्येक वाक्याला 'दोन्ही' म्हणाल."

नाना हसले. पेटीपाशी आल्यावर त्यांनी पाकीट फटीशी नेलं. हात हलत होता आणि पाकिटाचा कोपरा पत्र्यावर टकटक वाजू लागला, फटीत जाईना. सायकलवाला मान वर करून बघू लागला. चिंगीने हात पुढे केला.

"राहू दे," नाना म्हणाले.

त्यांनी दुसरा हात वर आणला, दोन्ही हातांनी पाकीट धरलं, आणि आत सोडलं.